गादी आणि लगाम : आलिशान मोटारीतील सुख आणि चापल्य यांचा ताळेबंद

ऑक्टोबर २०१० मधील ती बातमी आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. औरंगाबादच्या उद्योजक, व्यापारी आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. एकूण व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. स्टेट बँकेने त्यासाठी चाळीस कोटींहून अधिक कर्ज सुमारे सात टक्के दराने दिले. त्या काळी मी दुसऱ्या एका बँकेच्या सेवेत होतो. आमच्या शाखेत त्या दिवशी चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. ६५ कोटींना दीडशेने भागले, तर एका गाडीची सरासरी किंमत ४३ लाखांच्या थोडी पुढे जाते, हा हिशोब मी तेव्हा कागदाच्या तुकड्यावर केल्याचे आठवते. ट्रॅक्टरला मात्र याहून बराच चढा दर पडतो, ही तफावत पत्रकार पी. साईनाथ यांनी पुढे आपल्या लेखनातून मांडली. ती आम्हा कर्ज विभागातील माणसांनाही बोचत होती, हे कबूल केले पाहिजे.

परंतु आजचा विषय कर्जाचा दर हा नाही. त्या दीडशे गाड्यांनी आमच्या जिल्ह्याच्या व्यापारी मनात एक इच्छा रुजवली, आणि गेल्या पंधरा वर्षांत ती शहरातून तालुक्याला व तालुक्यातून गावाला पोहोचली. देवगाव रंगारीसारख्या कन्नड तालुक्यातील बाजारपेठेच्या गावातही आता आडत दुकानासमोर परदेशी बनावटीची लांबलचक सेडान उभी दिसते. गाडी कोणती घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घेतलेल्या गाडीत कुटुंबातील कोण कोठे बसणार, आणि ती कोणत्या रस्त्याने जाणार, हे विचारणारे क्वचित भेटतात. तो प्रश्न आमच्या घरात कसा उभा राहिला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

घरातील दोन अनुभव

माझे थोरले बंधू देवगावला राहतात. वय चौऱ्याहत्तर. कापूस, मका आणि आले यांचा त्यांचा जुना व्यापार आता पुतण्या पाहतो. भाऊंच्या कमरेच्या मणक्यांत दोष असल्याने त्यांना वरचेवर छत्रपती संभाजीनगरला उपचारासाठी यावे लागते. रस्ता कसाबखेड्यावरून वेरूळ-दौलताबादच्या बाजूने येतो. कोठे डांबर उत्तम, कोठे खड्डे, दर गावाला गतिरोधक, आणि दौलताबादजवळ चढउताराचा वळणदार घाट.

काही वर्षांपूर्वी पुतण्याने हौसेने एक वापरलेली आलिशान सेडान घेतली. ती कोणत्या कंपनीची होती हे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, निवडीचा होता. ठेवण खेळाडू, बुटकी, चाके एकोणीस इंची, टायर पट्टीसारखे पातळ. पुढे बसून चालवणाऱ्याला ती गाडी म्हणजे आनंद होता. मागे बसलेल्या भाऊंना मात्र रस्त्यावरील प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येई. एके दिवशी सायंकाळी घरी परतताना पुढील डावे चाक खड्ड्यात आपटले. टायरची भिंत फाटली आणि रिमही वाकली. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावे म्हणून पुतण्याने वेग थोडा वाढवला होता. त्या संध्याकाळी चौघेजण दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होते. जेवण अर्थातच राहिले. भाऊंची कमर त्या धक्क्यानंतर तीन महिने अंथरुणाला खिळली.

ती गाडी विकून पुतण्याने दुसरे टोक गाठले. एक उंच, अतिशय मऊ झुलणारी मोठी गाडी आणली. खड्डे कळेनासे झाले, हे खरे. पण कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात ती नावेसारखी डुलू लागली. वहिनींना दोनदा उलटी झाली. पुढे एकदा वळणावर समोर उसाची ट्रॉली आली. पुतण्याने स्टिअरिंग फिरवले, पण गाडीचे अंग आधी एका बाजूला कलले आणि मग सावकाश वळले. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. कोणाला इजा झाली नाही. पण त्या दिवसानंतर भाऊंनी प्रवासच सोडला. डॉक्टरांकडे जाणे टळू लागले, संभाजीनगरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जाणे बंद झाले. "आता मला कोठे नेऊ नका," एवढेच ते म्हणत.

या वर्षी पुतण्याने पुन्हा गाडी घ्यायचे ठरवले तेव्हा तो माझ्याकडे आला. "काकाजी, तुम्ही आयुष्यभर गाड्यांची कर्जे मंजूर केलीत. या वेळी तुम्हीच सांगा, आराम पाहू की पकड?" मी गाड्यांचे कागद वाचले होते, गाड्या वाचल्या नव्हत्या. निवृत्तीनंतरचा वेळ हाती होता. म्हणून अभ्यासाला बसलो.

स्प्रिंग आणि शॉकअप

घोडेस्वाराला खाली गादी लागते आणि हाती लगाम लागतो. गादी नसेल तर अंग मोडते, लगाम नसेल तर मान मोडते. मोटारीतही हेच दोन घटक आहेत. चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये स्प्रिंग असते. ती वजन पेलते आणि धक्का गिळते. पण दाबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि उसळतच राहते. तिला आवरण्यासाठी शेजारी शॉकअप असतो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून जाताना ती उसळी शमवते. स्प्रिंग मऊ असेल तर आराम वाढतो, पण वळणावर गाडी कलते. ताठ असेल तर गाडी हाताच्या इशाऱ्यावर वळते, पण धक्के आत पोहोचतात.

याला आकडेही आहेत. आरामासाठी रचलेली गाडी धक्का बसल्यावर सेकंदाला साधारण एक वेळा वरखाली झुलते. माणसाच्या सावकाश चालण्याची लयही जवळपास तीच, म्हणून शरीराला ती परकी वाटत नाही. खेळाडू वळणाच्या गाड्यांत हा वेग दीड ते दोन वेळांपर्यंत जातो. बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत त्रासदायक ठरणारी उभी कंपने सेकंदाला चार ते आठ या टप्प्यात येतात. पातळ टायर आणि ताठ शॉकअप यांच्यातून नेमका याच प्रकारचा खडखडाट आत झिरपतो. उलट सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षाही संथ झुलणे मळमळ निर्माण करते. भाऊंची कमर पहिल्या कारणाने दुखली आणि वहिनींना उलटी दुसऱ्या प्रकारच्या संथ डुलण्याने झाली, हे वाचताना माझ्या लक्षात आले. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. त्यांना आम्ही इतके दिवस वयाचा दोष समजत होतो.

हा प्रश्न जुना आहे. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले अभियंते मॉरिस ऑली १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेले. त्यांनी गाडीवर वजने पुढेमागे सरकवून प्रवाशाला नेमके काय जाणवते याचे प्रयोग केले. पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून थोड्या मऊ असाव्यात, म्हणजे गाडी घोड्यासारखी पुढेमागे न डोलता सपाट राहते, हा त्यांचा निष्कर्ष आजही पाळला जातो. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने आपल्या 'डीएस' गाडीत स्प्रिंगांऐवजी वायू आणि तेल यांची योजना केली. मर्सिडीजने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या मोठ्या गाड्यांत हवेचे सस्पेन्शन आणले. म्हणजे सुख आणि चापल्य यांची तडजोड हा काही आजच्या जाहिरातींचा शोध नव्हे. गेली नव्वद वर्षे अभियंते हाच हिशोब मांडत आहेत.

उंचीचा हिशोब

पुतण्याचा पहिला प्रश्न होता, "उंच गाडीच का घेऊ नये? आजकाल सर्व जण तीच घेतात." याचे उत्तर त्रैराशिकाइतके सोपे आहे. वळणावर गाडीचे वजन आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकते. किती सरकेल हे वजन, वळणाचा जोर आणि वजनाच्या मध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन्ही चाकांमधील रुंदीने भागून मिळते. उदाहरणादाखल १८०० किलोची गाडी घेऊ. रुंदी १.६ मीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश. वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटरवर असेल तर सुमारे २४८ किलो भार बाहेर सरकतो. मध्य ७० सेंटिमीटरवर गेला तर तो ३१५ किलो होतो. हा जादा कल रोखण्यासाठी उंच गाडीला ताठ स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार द्यावे लागतात, किंवा कल सोसावा लागतो. बुटक्या सेडानला ही किंमत कमी मोजावी लागते. म्हणून आराम आणि पकड हे दोन्ही एकाच गाडीत हवे असतील, तर आजही सेडानची ठेवण अधिक सोयीची आहे.

वेगाचा हिशोब याहून कठोर आहे. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाव भागाएवढा असतो. वेग ६० झाला की तो निम्म्याहून अधिक होतो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर ८० च्या ऐवजी १२० ने जातानाही हीच पट लागू पडते. तेथे वळण नसले, तरी ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर सव्वादोनपट होते. सस्पेन्शन कितीही उत्तम असले, तरी हा चक्रवाढीसारखा हिशोब कोणत्याही कंपनीला माफ करता येत नाही.

चाकाचा देखावा आणि टायरची भिंत

या अभ्यासात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट टायरच्या अंगावरच लिहिलेली असते. समजा, २२५/५५ आर १७ असे लिहिले आहे. म्हणजे टायर २२५ मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १७ इंची. भिंत होते सुमारे १२४ मिलिमीटर. आता २४५/४५ आर १८ घ्या. भिंत ११० मिलिमीटर. आणि २४५/४० आर १९ घेतल्यास केवळ ९८ मिलिमीटर. गंमत अशी की तिन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, म्हणजे ६७८-६७९ मिलिमीटर भरतो. बाहेरून पाहणाऱ्याला चाक मोठे दिसते, पण प्रत्यक्षात रबर आणि हवा कमी होऊन धातू वाढलेला असतो. सव्वीस मिलिमीटर म्हणजे इंचभर गादी आपण देखाव्यासाठी काढून देतो.

पातळ भिंत वळणावर कमी मुरडते, म्हणून गाडी झटपट वळते. चालवणाऱ्याला हा लाभ जाणवतो, हे नाकारता येत नाही. पण खड्ड्याच्या कडेवर तीच भिंत रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपली जाऊन फाटते. आमचा त्या संध्याकाळचा टायर असाच गेला. शिवाय मोठी रिम बहुधा जडही असते, आणि स्प्रिंगच्या खालील वजन जितके अधिक, तितके चाक खड्ड्यातून सावरायला उशीर लावते.

रन-फ्लॅट टायरचेही असेच आहे. बीएमडब्ल्यूने अनेक वर्षे आपल्या बहुतेक गाड्यांना ते दिले. हवा पूर्ण गेली तरी त्यांची ताठ भिंत गाडी तोलून धरते आणि ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येते. रात्रीच्या वेळी कुटुंबासह प्रवास करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. पण तोच ताठपणा आरामातून वजा होतो. गाडीत सुटे चाक आहे की नाही, हे खरेदीपूर्वी डिकी उघडून पाहावे. आपल्याकडच्या गावांत ऐनवेळी अठरा-एकोणीस इंची टायर मिळत नाही.

हवेचा दाब हा तर फुकटचा उपाय आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणात दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. कमी प्रवासी आणि पूर्ण भार असे दोन आकडे त्यात बहुधा दिलेले असतात. हवा भरणारा अंदाजाने भरतो आणि आपण "भर थोडी जास्त" म्हणतो. जादा हवेने टायर दगडासारखा होतो, कमी हवेने उन्हाळ्यात महामार्गावर तापून फुटण्याचा धोका वाढतो. टायर थंड असताना, तक्त्याप्रमाणे, पंधरवड्यातून एकदा दाब तपासावा. आमच्या जुन्या गाडीतही हे केले असते, तर भाऊंचे निम्मे हाल टळले असते असे आता वाटते.

मागची बैठक की पुढची?

या तडजोडीचा बिंदू प्रत्येक कंपनीने वेगळा मानला आहे. आपल्या महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि पुढील वर्षी पिंपरीला टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभा राहिला. आपल्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ पासून ऑक्टेव्हियाची जुळणी केली. तेथेच २००७ मध्ये ऑडीची ए-६ आणि त्यानंतर ए-४ तयार होऊ लागली. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ कारखाना काढला.

बीएमडब्ल्यूची ख्याती चालवणाऱ्यासाठी, मर्सिडीजची मागे बसणाऱ्यासाठी, आणि ऑडीची चारही चाकांच्या पकडीसाठी, असे बाजारात ढोबळमानाने बोलले जाते. परंतु आता या रेषा पुसट झाल्या आहेत. २०१७ पासून ई-क्लास आपल्याकडे लांब अंतराच्या चाकांची मिळते. २०२४ च्या नव्या पिढीत पुढील आणि मागील चाकांमधील अंतर ३०९४ मिलिमीटर आहे. बीएमडब्ल्यूनेही तोच मार्ग धरला. २०२१ मध्ये तीन सिरीजची लांब आवृत्ती आली, तिचे अंतर मूळ २८५१ वरून २९६१ मिलिमीटर झाले. २०२४ मध्ये पाच सिरीजची लांब आवृत्ती ३१०५ मिलिमीटरची आली. चाकांत अंतर अधिक असले की गतिरोधकावरून जाताना गाडी पुढेमागे कमी डोलते आणि मागील प्रवासी मागच्या चाकाच्या डोक्यावर न बसता थोडा पुढे बसतो. याची दुसरी बाजूही आहे. लांब आणि बुटक्या गाडीचे पोट उंच गतिरोधकाला घासते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आमच्या वाटेवरील कित्येक गतिरोधक अरुंद आणि टोकदार आहेत. म्हणून गाडीत पाच माणसे आणि सामान घालूनच तिची खालची जागा पाहावी. रिकाम्या गाडीचा आकडा कामाचा नाही.

तंत्रज्ञानाने मधला मार्गही दिला आहे. काही गाड्यांत शॉकअपमधील झडपा विजेवर चालतात. रस्ता आणि वळण पाहून त्या क्षणार्धात मऊ किंवा ताठ होतात. आराम आणि स्पोर्ट अशी बटणे असतात ती हीच. काही गाड्यांच्या शॉकअपच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि चुंबकाने ते तेल घट्ट होते. हवेच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी रबरी फुगा असतो, त्यामुळे माणसे बसली तरी उंची कायम राहते. हे सर्व उत्तम आहे. मात्र मुदत संपल्यावर फुगा किंवा असा शॉकअप बदलण्याचा खर्च साध्या भागाच्या कित्येक पट असतो. ज्याला गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे, त्याने त्या भागांची किंमत आणि वाढीव वॉरंटीची रक्कम खरेदीपूर्वीच लेखी मागून घ्यावी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मागची बैठक कितीही सुखाची असो, तिला पट्टा आहे आणि तो बांधण्यासाठी आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागे बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलीस तपासातून पुढे आले. गाडी आलिशानच होती. आपल्या घरांत वडीलधारी माणसे मागे बसतात आणि पट्ट्याला कंटाळतात. तेथे संकोच करू नये.

व्यापाऱ्याचा ताळेबंद

बँकेतील माणसाने पैशाविषयी न बोलणे बरे दिसणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे आणि पूर्वीचा उपकर गेला आहे. पूर्वी २८ टक्के करावर २० टक्के उपकर लागून मोठ्या सेडानवर ४८ टक्के भार येत असे. मात्र हा कर आपल्या विक्रीच्या करातून वळता होत नाही. सामान्य व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवरील इनपुट क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) ने नाकारले आहे. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, तो प्राप्तिकरात समायोजित होतो. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर घसारा सामान्यतः १५ टक्के, घटत्या मूल्यावर मिळतो. म्हणजे साठ लाखांची गाडी पाच पूर्ण वर्षांनी पुस्तकात सुमारे साडेसव्वीस लाखांची उरते. बाजार त्यापेक्षाही कमी देऊ शकतो.

कर्जाचेही पाहा. तीस लाख रुपये पाच वर्षांसाठी नऊ टक्के दराने घेतले, तर हप्ता सुमारे ६२,२७५ रुपये येतो आणि एकूण व्याज जवळपास ७ लाख ३६ हजार होते. हंगामात लाख आणि बिगर हंगामात शून्य अशी ज्यांची आवक आहे, त्यांनी हा हप्ता वर्षातील सर्वांत मंद महिन्याला लावून पाहावा. एकोणीस इंची चाके आणि स्पोर्ट पॅकेज यांसाठी द्यावी लागणारी जादा रक्कम त्याच तराजूत ठेवावी.

आपल्या समाजातील कुटुंबांना एक सूचना. आलिशान गाड्यांच्या बैठका कातडीच्या असतात असे सरसकट समजले जाते. प्रत्यक्षात मर्सिडीजचे 'आर्टिको' आणि बीएमडब्ल्यूचे 'सेन्साटेक' ही मानवनिर्मित आवरणे आहेत. मात्र बैठक कृत्रिम असली, तरी स्टिअरिंगचे आणि गिअरच्या दांड्याचे आवरण बहुधा खऱ्या चामड्याचे असते. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी प्रत्येक भागाविषयी लेखी विचारावे. विक्रेता तोंडी "सर्व कृत्रिम आहे" असे म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा बैठकांपुरतेच ठाऊक असते.

आमची चाचणी

विक्रेते चाचणीसाठी गाडी गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे फिरवतात आणि तीही पुढे बसवून. आम्ही तसे करायचे नाही असे ठरवले. दोन गाड्या निवडल्या होत्या. एक ताठ आणि चपळ, दुसरी त्याच वर्गातील, पण सतरा इंची चाकांची आणि साध्या स्प्रिंगांची. दोन्ही गाड्या विनंती करून एकेक दिवस मागितल्या. भाऊंना मोठ्या मिनतवारीने मागे बसवले, शेजारी वहिनी. माळीवाड्याजवळ समृद्धीवर चढून काही अंतर ठरलेल्या मर्यादेत गेलो. तेथून परत फिरून दौलताबादचा घाट, आणि मग कसाबखेड्यावरून देवगाव. मी पुढे कागद घेऊन बसलो. भाऊंना काही विचारायचे नाही, फक्त ते कोठे हात टेकवतात, कोठे बोलता बोलता थांबतात, ते टिपायचे.

पहिल्या गाडीत महामार्गावर सर्व प्रसन्न होते. घाटात पुतण्याचा चेहरा खुलला. पण कसाबखेड्यापुढे भाऊंनी नऊ वेळा दाराच्या मुठीला हात लावला. दुसऱ्या गाडीत घाटातील वळणे थोडी सावकाश घ्यावी लागली, पण गाडी डुलली नाही. वहिनींनी खिडकी उघडायला सांगितली नाही. गावच्या रस्त्यावर भाऊंचा हात दोनदाच मुठीकडे गेला. शेवटच्या टप्प्यात मागून आवाज येईना म्हणून मी वळून पाहिले. ते झोपले होते.

घरी आल्यावर पुतण्या थोडा खट्टू होता. त्याचे मन पहिल्या गाडीत होते, हे दिसत होते. तो म्हणाला, "काकाजी, घाटात ही गाडी तेवढी चिकटत नाही." मी म्हणालो, "बेटा, घाट महिन्यातून एकदा, आणि हा रस्ता रोजचा. शिवाय घाटात चाळीसने गेलास तर हीही चिकटते." भाऊ ओसरीवर बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "गाडी कोणतीही घे. फक्त सूर्य मावळायच्या घाईत चालवू नकोस. एक दिवस जेवण राहिले तर मी राहीन. मुले घरी आली पाहिजेत."

दुसरी गाडी घेतली. चाके सतराच ठेवली, आणि वाचलेल्या रकमेतून चार चांगले टायर व वाढीव वॉरंटी घेतली. दुकानातून निघण्याची वेळ पुतण्याने पाऊण तास अलीकडे आणली आहे, आणि सर्वांत मोठा बदल मी तोच मानतो. भाऊ महिन्यातून दोनदा डॉक्टरांकडे येतात. गेल्या पंधरवड्यात ते बहिणीकडेही जाऊन आले.

गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांना इतकेच सुचवतो. चाचणीच्या दिवशी स्टिअरिंग मुलाच्या हाती द्या आणि घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला मागे बसवा. रस्ता आपला रोजचा घ्या. टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचा. मग दोघांचेही ऐका, आणि निर्णय घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी करा.